पैसे मोजणाऱ्याचं तोंड

बेलापूर नावाचं रेल्वे स्थानक बेलापुरात नाही. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तेव्हा प्रवरेकाठचं जुनं बेलापूर रुळांपासून दीड-दोन कोस लांब राहिलं आणि त्याचं नाव घेऊन माळावर एक स्थानक उभं राहिलं. स्थानकाभोवती वस्ती वाढली, तिला लोक बेलापूर रोड म्हणू लागले. पुढे तिचं श्रीरामपूर झालं, ते तालुक्याचं ठिकाण झालं, आणि मूळ बेलापूर त्याच तालुक्यातलं एक मोठं गाव होऊन राहिलं. परक्या माणसाने इथे जेवायचं कुठे, या प्रश्नाला या दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं होती. जुन्या गावात त्याची सोय तो कोण, कोणाचा, कोणत्या जातीचा यावर ठरे. सोयरा असेल तर सोयऱ्याच्या ओसरीवर, व्यापारी असेल तर ओळखीच्या पेढीवर, बैरागी असेल तर देवळात शिधा, आणि कोणीच नसेल तर धर्मशाळेच्या अंगणात तीन दगडांची चूल. स्थानकाजवळ मात्र तो खिशात हात घालतो. माझं म्हणणं असं, की साध्या हॉटेलांबद्दल आणि खानावळींबद्दल खाणाऱ्याचं जे खरंखुरं मत असतं, म्हणजे रस्सा पातळ होता, भाकरी सकाळची होती, हे मालकाच्या तोंडावर सांगण्याची जी हिंमत असते, ती काही मराठी स्वभावाची उपजत देणगी नव्हे. ती या दुसऱ्या प्रकारच्या जागेत, स्वतःचे पैसे मोजून आणि उठून शेजारच्या दुकानात जाण्याची सोय झाल्यावर, हळूहळू आली. जिथे ती सोय नाही तिथे ती हिंमत आजही दिसत नाही.

घरच्या आणि गावच्या जेवणात मत द्यायची परवानगीच नव्हती. अन्नाला नावं ठेवू नयेत हा संस्कार मूल पाटावर बसायला लागलं की सुरू होतो. मीठ कमी असेल तर मागून घ्यावं, जास्त असेल तर गिळावं. पाहुण्याला तर त्याहून कमी मुभा. आणि ज्याचं पोटच दुसऱ्याच्या घरावर अवलंबून, त्याची तर गोष्टच वेगळी. पुण्यात शिकायला आलेली गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्यांना सात वार मिळत नसत ती माधुकरी मागत. या मुलांनी पुढे मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत उपकाराची जाणीव असते, अपमानाची सल असते, पण आमटी कशी होती याचा उल्लेख क्वचितच. ते साहजिक आहे. आमटीबद्दल बोलायला लागणारी सामाजिक जागाच त्यांच्याकडे नव्हती. याउलट त्याच पुण्यात ज्या विद्यार्थ्यांना घरून पैसे येत, ते चार-आठ जण मिळून एक आचारी ठेवत आणि त्याला क्लब म्हणत. क्लबातला विद्यार्थी आचाऱ्याच्या नावाने खुशाल बोटं मोडी. वय तेच, जात तीच, शहर तेच आणि बहुधा डाळही तीच. फरक फक्त डाळीचे पैसे कोण देतं एवढाच.

यावर कोणी म्हणेल, की लग्नाच्या पंगतीची चर्चा वर्षभर चालते, अमक्याकडची जिलबी कडक होती हे तीन पिढ्या लक्षात राहतं, मग मराठी माणूस जेवणाला नावं ठेवत नव्हता असं कसं म्हणावं? ठेवत होता, पण घरी परतल्यावर. पंगतीतल्या जिलबीवरचं मत जिलबी करणाऱ्यापर्यंत पोचत नाही आणि पोचलं तरी त्याला त्याची फिकीर नसते, कारण त्याला पैसे देणारा यजमान, आणि यजमानाला मोजायची असतात ती माणसं. जे मत भटारखान्यापर्यंत जात नाही त्याने पदार्थ बदलत नाही. त्याला निंदा म्हणावं, करमणूक म्हणावं, पण ज्या अर्थाने गिऱ्हाइकाचं मत हॉटेलाला घडवतं त्या अर्थाने ते मत नव्हे.

बेलापूर रोडला अशी घडवणारी माणसं कुठून आली हे पाहण्यासारखं आहे. दौंड-मनमाड मार्गाची मातीकामं १८७६-७८ च्या दुष्काळातल्या लोकांच्या हातून झाली. पहिले जमले ते असे, पोटासाठी खडी वाहणारे. खरी वस्ती वाढली ती पाण्यामुळे. भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं आणि प्रवरेच्या दोन्ही तीरांच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखात बारमाही ऊस आणला. सासवडकडचे माळी शेतकरी गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर खंडाने जमिनी घेऊन आले. हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३२ मध्ये देशी साखरेला जकातीचं संरक्षण मिळालं आणि १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. मग १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. एवढ्या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. यातला मोठा भाग घरची चूल मागे सोडून आलेल्या पुरुषांचा होता. कारखान्याचा फिटर, पेढीवरचा दिवाणजी, गुळाच्या बाजाराला आलेला अडत्या, नव्याने बदली झालेला कारकून, मालाच्या गाडीची वाट पाहणारा हमाल. ऊसतोडणीची टोळी मात्र या हिशोबात धरता येत नाही. ती आपली चूल, आपलं पीठ आणि आपल्या बायका बरोबर घेऊन येते आणि पाचटाच्या कोपीपुढे भाकऱ्या थापते. तिचा हॉटेलाशी संबंध चहापुरता आणि बाजाराच्या दिवशीच्या भजी-गोडीशेवेपुरता. साखरेच्या मुलखात सगळ्यात जास्त घाम गाळणाऱ्या माणसाचं हॉटेलाबद्दलचं मत सगळ्यात कमी ऐकू येतं, ते यामुळे.

पण माणसं जमली आणि पैसे मोजू लागली म्हणून लगेच चवीची चर्चा सुरू झाली असं समजणं भाबडेपणाचं होईल. पैशाने पहिल्यांदा जे मत विकत घेतलं ते चवीबद्दल नव्हतंच, ते स्वयंपाक्याबद्दल आणि शेजारी बसणाऱ्याबद्दल होतं. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासह शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, आणि गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून टाकली. मग शंकराचार्यांपर्यंत प्रकरण, चौकशी, प्रायश्चित्तं. या सगळ्या गदारोळात चहा बरा होता की पाणचट, हे कोणीही विचारलं नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित तरुणाने शाहू महाराजांच्या आधाराने चहाचं हॉटेल काढलं तेव्हा तिथला चहा स्वच्छ होता, भांडी चकचकीत होती, गिऱ्हाईक येईना. महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले, तेव्हा कुठे ते चाललं. म्हणजे छत्रपतींची गाडी दारात उभी राहिल्याखेरीज त्या चहाची चव लागण्यापर्यंत मजल जात नव्हती. आगगाडीने सगळ्यांना एका डब्यात बसवलं, असं आपण हौसेने सांगतो, ते अर्धंच खरं. स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं होतं, चहाचे ठेलेही वेगळे. आणि १९०१ मध्ये लहानगे भीमराव आणि त्यांची भावंडं वडिलांकडे जायला मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा डबा बरोबर होता, खिशात पैसे होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. पैसे असूनही गिऱ्हाईक होता न येणं म्हणजे काय, हे त्यांनी पुढे लिहिलेल्या या आठवणीहून स्पष्ट कोणी लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून जुन्या खानावळींच्या पाट्यांवर पदार्थांपेक्षा स्वयंपाक्याची जात ठळक असे. ब्राह्मणी खानावळ, मराठा खानावळ, मुसलमानांसाठी वेगळी सोय. गिऱ्हाइकाला दारातच कळायला हवं होतं की इथे जेवलं तर आपलं काय राहतं आणि काय जातं. चवीचा प्रश्न त्या उंबऱ्याच्या आत सुरू व्हायचा. कायद्याने तो उंबरा काढला. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन प्रवेशबंदीला मनाई आहे आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने त्याला शिक्षा जोडली. घटनाकारांना हॉटेलाचा वेगळा उल्लेख करावासा वाटला, यावरूनच प्रश्न किती रोजचा होता ते समजतं. कागदावरून टेबलापर्यंत यायला मात्र वेळ लागला. खेड्यांतल्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबश्या त्यानंतरही कित्येक वर्षं दिसत होत्या. १९७० च्या दशकात बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली, त्या काळातली ही गोष्ट. आपली कपबशी आपणच धुऊन ठेवणाऱ्या माणसाने चहा पांचट आहे म्हणायचं कोणाला?

जात एका झटक्यात गेली नाही आणि पुरती गेलीही नाही, पण हॉटेलात तिचा जोर ओसरला तो उपदेशापेक्षा चहामुळे, असं मला वाटतं. चहाची सवय लागावी म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापासून मळेवाल्यांच्या उपकरातून प्रचार चालला, आणि स्थानकं ही त्या प्रचाराची आवडती जागा होती. जेवण दिवसातून दोनदा होतं, त्यासाठी बैठक लागते, पंक्ती लागतात, सोवळ्याचा प्रश्न येतो. चहा उभ्याने पिता येतो, दिवसातून चारदा पिता येतो, आणि किंमत इतकी कमी की एका ठिकाणी नाही पटला तर दुसऱ्या ठिकाणी जाऊन पाहायला धाडस लागत नाही. साखर कारखान्याच्या पाळ्या बदलताना तासाभरात शेकडो कप खपतात. जो माणूस महिन्यातून शंभर वेळा तोच पदार्थ घेतो तो त्या पदार्थाचा जाणकार होतो, त्याची शैक्षणिक पात्रता काही असो. कमी साखर, कडक, पाणी कमी, दोनात तीन: चहा सांगण्याची ही सगळी बोली म्हणजे गिऱ्हाइकाने भटारखान्याला दिलेल्या सूचना आहेत आणि त्या पाळल्या जातात की नाही ते दोन मिनिटांत कळतं. मत दिलं आणि ताबडतोब अमलात आलं, असा अनुभव त्या काळच्या सामान्य माणसाला दुसरीकडे कुठे मिळत होता? कचेरीत नाही, घरात नाही, देवळात तर नाहीच.

मिसळीची भरभराटही मी याच हिशोबात धरतो. ठाण्याची मामलेदार मिसळ १९४६ ची, पुण्याचं बेडेकरांचं दुकान १९४८ चं; महाराष्ट्रभर मिसळ रुळली ती साधारण त्याच काळाच्या आगेमागे. या पदार्थाची घडण अशी आहे की तो टेबलावर आल्यावर अर्धा उरतो करायचा. तर्री किती, कांदा किती, लिंबू पिळायचं की नाही, शेव वरून आणखी हवी का, हे खाणारा ठरवतो. रस्सा पुन्हा मागवला जातो, आणि किती जणांनी पुन्हा मागवला हे मालकाला गल्ल्यावर बसून दिसतं. ताटात वाढून आलेल्या जेवणावर मत द्यायला तोंड उघडावं लागतं, मिसळीवर मत देण्यासाठी वाटी पुढे केली की झालं. बोलायला संकोचणाऱ्या समाजाने न बोलता मत देण्याची सोय असलेला पदार्थ डोक्यावर घ्यावा, यात मला नवल वाटत नाही. चव हे कारण आहेच, पण झणझणीत उसळी आपल्याकडे आधीही होत्या.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. पैसे मोजणारा मोकळेपणाने बोलतो म्हणता, पण खानावळीचा व्यवहार रोखीचा होता कुठे? महिनेवारी आणि उधारी हाच तिचा कणा. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून, कोकणातून एकटे आलेले हजारो गिरणी कामगार बायकांनी चालवलेल्या घरगुती खानावळींत जेवत आणि पगार झाला की पैसे देत. वहीत नाव असलेला माणूस आमटीला नावं कशी ठेवणार? आक्षेप खरा आहे, पण तो दोन्ही बाजूंनी कापतो. वहीने जेवणारा बांधला जातो तसाच, किंबहुना जास्त, जेवू घालणारीही बांधली जाते. वैतागून उठून गेलेला गडी मागची बाकी घेऊनच जातो; म्हणून त्याला राखणं हे तिच्या फायद्याचं, आणि राखायचं तर त्याच्या गावची चटणी, त्याच्या पोटाला सोसणारं तिखट सांभाळावं लागतं. गिरणगावात खानावळी गावागणिक, तालुक्यागणिक वाटलेल्या होत्या त्याचं एक कारण जात, दुसरं हे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबला, तेव्हा या बायकांच्या वह्या तशाच राहिल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचं महत्त्व इथे कळतं. बँकेच्या कर्जामुळे खानावळवाली सावकाराच्या कचाट्यातून सुटली, म्हणजे वाण्याकडून उधारीवर मिळेल तो तांदूळ घेण्याऐवजी चांगला तांदूळ रोखीने आणू शकली. जेवणाऱ्याच्या मताला किंमत यायची तर स्वयंपाक करणारीच्या हातातही चार पैसे खेळते हवेत. तक्रार ऐकूनही ती जर काही बदलू शकत नसेल तर तक्रार करून उपयोग काय?

आणि ज्या बायका स्वयंपाकाच्या खऱ्या पारखी, त्या हॉटेलात बसत कुठे होत्या? तालुक्याच्या गावी बाईमाणसाने हॉटेलात पाय टाकणं विसाव्या शतकाचा मोठा भाग अशोभनीय मानलं गेलं. मग फॅमिली रूम आल्या: मागच्या बाजूला, लाकडी फळ्यांच्या, दाराला पडदा असलेल्या, पंखा असला तर असला. तिथे नवऱ्याने काय मागवायचं ते ठरवायचं आणि बायकोने पदर सावरत खायचं. ज्या काळातल्या हॉटेलांच्या चवीची आज इतकी हळहळ व्यक्त होते, त्या काळात निम्म्या समाजाचं मत त्या चवीत मोजलंच गेलं नव्हतं. पुरुषांनी, बहुतेक एकट्या राहणाऱ्या पुरुषांनी, जे बरं ठरवलं ते जुनी चव म्हणून आपल्यापर्यंत आलं. तेल जास्त, तिखट जास्त, सोडा सढळ हाताने. घरात असला रस्सा कोणी केला असता तर सासूने तो पुन्हा करायला लावला असता.

गिऱ्हाइकाच्या मताची आणखी एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. त्याच्या मताने रस्सा सुधारला, कप स्वच्छ झाले, फडक्याचा वास कमी झाला. पण ते फडकं मारणाऱ्या पोऱ्याचं वय त्या मताने कधी विचारलं नाही. आठ-दहा वर्षांची मुलं पहाटे भट्टी पेटवण्यापासून रात्री बाकड्यावर झोपण्यापर्यंत हॉटेलात राबत आणि गिऱ्हाईक त्यांना पाणी उशिरा आणलं म्हणून दम देई. चहाच्या चवीवर पाच मिनिटं वाद घालणारा माणूस या बाबतीत मुका होता. १९८६ च्या बालकामगार कायद्यातही सुरुवातीला हॉटेलांचा समावेश नव्हता. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, उपाहारगृहं आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवण्यावर बंदी आली. ती बाहेरून, सरकारकडून आली. जेवणाऱ्यांनी पैसे मोजून मिळवलेला अधिकार स्वतःच्या ताटाच्या कडेपर्यंतच चालवला, हे कबूल करायलाच हवं.

सरकारनेच जेवण द्यायचं ठरवलं की मात्र गंमत होते. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. कल्पना लोकप्रिय होती, केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांतल्या अनेक जागांवर वडे, डोसे, चायनीज विकलं जाऊ लागलं. चालकाला झुणक्याच्या गिऱ्हाइकापेक्षा जागा मौल्यवान होती. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. शहरात एका थाळीची किंमत पन्नास रुपये धरली होती, म्हणजे चाळीस सरकार देणार. करोनात ती पाच रुपयांवर आली, मग काही काळ फुकट झाली. ज्यांचं काम बंद पडलं होतं त्यांना त्या थाळीने जगवलं, त्याबद्दल दुमत नको. पण हिशोब पाहा: चालकाचं चाळीस रुपये देणारं गिऱ्हाईक मंत्रालयात बसलेलं आणि दहा रुपये देणारं समोर. चपाती कच्ची असेल तर समोरच्याने सांगून चालकाचं किती बिघडेल? त्याला चिंता बिलाची, थाळ्यांच्या आकड्याची, मोबाइलवरच्या फोटोची. वार लावून जेवणाऱ्या मुलाची आणि या माणसाची स्थिती एकच आहे असं मी म्हणणार नाही, याला कोणी उपकाराची जाणीव करून देत नाही. तरी आमटीबद्दल बोलायची जागा त्याच्याकडेही नाही. उलट १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या मिलो ज्वारीला लोकांनी इतकी नावं ठेवली की ती आजवर ऐकू येतात. मिलो स्वस्त होता, परदेशातून आलेला होता, उपासमारीवर उपाय होता, आणि तो विकत घ्यावा लागत होता.

फुकट किंवा स्वस्त जेवण म्हणजे मूक जेवण, असा सरळ नियम करायला एक अडचण आहे, आणि ती बेलापूरपासून फार लांब नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात रोज हजारो माणसं जेवतात आणि तिथल्या जेवणाबद्दल भाविक बऱ्या शब्दांत बोलतात, सुधारणाही होतात. इथे कोणता बाजार आहे? माझं उत्तर असं, की तिथे जेवणारा दाताही असतो. आज पंगतीत बसलेला माणूस उद्या अन्नदानाची पावती फाडतो, आणि नाही फाडली तरी संस्थानाचं नाव त्याच्या तोंडी गावोगाव जातं. पैसा आणि मत इथे वेगवेगळ्या दारांनी आत येतात, पण येतात ते एकाच माणसाकडून. शिवभोजनात तो धागा तुटलेला आहे.

शिर्डीच्या गर्दीने नगर-मनमाड रस्त्यावर जी हॉटेलं आणि ढाबे उभे केले त्यांचा प्रश्न तिसराच. इथला जेवणारा रोख देतो, भरपूर देतो, आणि पुन्हा येत नाही. त्याचं मत प्रामाणिक असतं, पण ते द्यायच्या आत गाडी निघालेली असते. या रस्त्यावर सगळ्यात जुना बांधलेला जेवणारा म्हणजे एस.टी.चा प्रवासी. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ ला धावली ती याच जिल्ह्यातून, अहमदनगर ते पुणे. लांब पल्ल्याच्या गाड्या सुरू झाल्या, वाटेत थांबे ठरले, आणि थांब्यावरच्या हॉटेलाला पन्नास माणसांचं असं गिऱ्हाईक मिळालं जे दुसरीकडे जाऊ शकत नाही, कारण वाहक पंधरा मिनिटांत घंटी देणार. कोणत्या हॉटेलावर गाडी थांबवायची हे चालक-वाहकाच्या हातात, आणि त्यांच्या ताटाचे पैसे हॉटेलवाला घेत नाही, हे प्रवाशांना पाठ असतं. म्हणजे ज्याच्या मताने गाडी वळते तो पैसे देत नाही आणि जो पैसे देतो त्याच्या मताने गाडी वळत नाही. परिणाम पन्नास वर्षं सगळ्यांनी खाल्ला आहे: गार वडा, कोमट चहा, बाहेरच्यापेक्षा चढा भाव. तक्रारी झाल्या नाहीत असं नाही, वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात त्या ढिगाने आहेत. शेवटी महामंडळानेच अधिकृत थांब्यांवर तीस रुपयांत चहा-नाश्ता द्यावा असं ठरवून दिलं. ही पाटी पुष्कळ हॉटेलांत प्रवाशाला सहजी दिसेल अशा जागी नसते, आणि असली तरी तिच्याकडे बोट दाखवेपर्यंत घंटी झालेली असते.